माळढोक पक्षी अभयारण्य, सोलापूर व अहिल्यानगर

माळढोक पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्रातील सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांत पसरलेले वन्यजीव अभयारण्य आहे. माळढोक या अतिसंकटग्रस्त पक्ष्याच्या व त्याच्या माळरान अधिवासाच्या रक्षणासाठी १९७९ साली ते घोषित झाले. सोलापूर शहरानजीकचे नान्नज हे त्याचे सर्वपरिचित केंद्र असल्याने त्याला ‘नान्नज अभयारण्य’ असेही म्हणतात. घोषणेच्या वेळी त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. २०१२ साली हद्दींची पुनर्रचना होऊन ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर, म्हणजे मूळच्या सुमारे एक-सप्तमांश, इतके उरले. खासगी शेतजमिनीवर वावरणाऱ्या संकटग्रस्त प्रजातीसाठी भूवापराचे नियोजन कसे करावे आणि कायद्याचे अनुपालन कसे साधावे, या प्रश्नाचे हे अभयारण्य भारतातील महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

स्थान व भूप्रदेश

अभयारण्याचा प्रदेश दख्खनच्या पठारावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. सीना नदी अहिल्यानगरच्या परिसरात उगम पावून आग्नेयेकडे वाहते आणि सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. सीना व भीमा यांच्या दरम्यानचे आणि आसपासचे उघडे माळ हा माळढोकाचा पूर्वापार प्रदेश होय. मूळ अधिसूचनेत सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आदी तालुक्यांतील आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदा व नेवासा या तालुक्यांतील क्षेत्राचा समावेश होता.

अहिल्यानगर शहराला लागून असलेले भिंगार हे गाव व छावणी क्षेत्र याच माळरानी पट्ट्याच्या उत्तर भागात येते. १४९०च्या दशकात मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळच्या भूमीवरच अहमदनगर वसवले. ब्रिटिश काळापासून येथे लष्करी छावणी असून चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. शेती, पशुपालन, वनखात्याचे तुकडे, गायराने आणि लष्कराच्या ताब्यातील मोकळे माळ असे जमिनीचे मिश्र स्वरूप या भागात आढळते. दक्षिणेकडे कर्जत-करमाळ्यापर्यंत, लष्करी जमीन वगळता, थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते. त्यामुळे या पट्ट्यातील वन्यजीव रक्षणाचा प्रश्न एकट्या वनखात्याच्या हद्दीत कधीच मावला नाही.

येथील जमीन बहुतांशी उथळ व मुरमाड आहे. पाऊस कमी व बेभरवशाचा असतो. पवना, मारवेल, कुसळ यांसारखी गवते आणि बाभूळ, हिवर, बोर अशी विरळ काटेरी झाडे ही नैसर्गिक वनस्पती होय. माळढोकाबरोबरच लांडगा, खोकड, कोल्हा, काळवीट, चिंकारा, ससा, तसेच धाविक, चंडोल, तित्तिर, लावा आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी येथे आढळतात. नान्नज परिसरातील लांडग्यांवर झालेला अभ्यास भारतातील लांडग्यांविषयीच्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक आहे.

माळढोक पक्षी

माळढोक (शास्त्रीय नाव : अर्डिओटिस निग्रिसेप्स) हा उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक आहे. उभा असता त्याची उंची सुमारे एक मीटर भरते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १० किलोग्रॅमहून अधिक असू शकते, मादी त्यामानाने बरीच लहान असते. टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, धान्य, बोरे असा त्याचा मिश्र आहार आहे.

संरक्षणाच्या नियोजनावर या पक्ष्याच्या काही सवयींचा थेट परिणाम होतो.

पहिली सवय प्रजननाची. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एका विणीत एकच अंडे घालते. घरटे असे नसतेच. नांगर, मेंढ्यांचे कळप, भटकी कुत्री आणि कोल्हे यांपैकी कशामुळेही ती वीण वाया जाऊ शकते. दख्खनमध्ये विणीचा मुख्य काळ पावसाळ्यात येतो आणि खरिपाच्या मशागतीचा काळही तोच असतो.

दुसरी सवय जागेच्या निवडीची. नराला प्रणयाराधनासाठी दूरवरून दिसेल अशी उंच, मोकळी जागा लागते. दाट झाडी वाढली की ती जागा त्याच्या उपयोगाची राहत नाही.

तिसरी सवय भटकंतीची. हा पक्षी ऋतुमानाप्रमाणे दूरवर फिरतो. विणीसाठी राखीव गवताळ कुरण आणि चरण्यासाठी ज्वारी, करडई, भुईमूग, हरभरा यांची कोरडवाहू शेते असा त्याचा वावर असतो. शेतकऱ्याचे रान हा त्याच्या अधिवासाचाच भाग आहे.

यांखेरीज शरीररचनेचा एक भाग महत्त्वाचा आहे. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला समोरचे नीट दिसत नाही. वजनामुळे उडताना ऐनवेळी दिशा बदलणेही कठीण जाते. परिणामी वीजवाहिन्यांच्या तारांवर आपटून होणारे मृत्यू हे या प्रजातीपुढील आजचे एक मोठे संकट ठरले आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत माळढोकाचा समावेश आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ साली त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात टाकले. २०२० साली गांधीनगर येथे झालेल्या स्थलांतरित प्रजातींविषयक परिषदेत त्याचे नाव पहिल्या परिशिष्टात घेण्यात आले. देशातील उरलेल्या पक्ष्यांची संख्या दीडशेच्या आत असल्याचे मानले जाते आणि त्यांतील बहुतांश राजस्थानातील थरच्या वाळवंटात आहेत.

स्थापना

१९७०च्या दशकात सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नज परिसरातील माळढोकांकडे शासनाचे व अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्याच सुमारास अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली या भागातील काही पडीक जमिनींना कुंपण घालून तेथे गवत व झाडे लावण्यात आली होती. चराई थांबल्यामुळे वाढलेले गवत माळढोकांना विणीसाठी उपयुक्त ठरले. सप्टेंबर १९७९ मध्ये राज्य शासनाने अभयारण्याची अधिसूचना काढली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८१पासून हाती घेतलेल्या संकटग्रस्त प्रजाती प्रकल्पात डॉ. असद रहमानी यांनी नान्नज येथे या पक्ष्याचा दीर्घ अभ्यास केला. त्याच्या अधिवासाविषयी आज जी माहिती उपलब्ध आहे, तिचा मोठा भाग या अभ्यासातून आला.

हद्दीचा प्रश्न

पक्षी दूरवर फिरतो म्हणून हद्दही विस्तीर्ण असावी, असा १९७९च्या अधिसूचनेमागील विचार होता. जैविक दृष्टीने तो तर्कशुद्ध होता. मात्र त्या हद्दीत गावे, बाजारपेठा, रस्ते, कालवे आणि हजारो खातेदारांची शेती आली. प्रत्यक्ष वनजमीन व गवताळ राखीव तुकडे यांचे प्रमाण त्यात अत्यल्प होते.

अधिनियमाच्या कलम १८ खाली अधिसूचना निघाल्यावर कलम १९ ते २५ नुसार जिल्हाधिकाऱ्याने जमिनीवरील हक्कांची चौकशी करायची असते. कोणते हक्क संपादित करायचे, कोणते चालू ठेवायचे आणि कोणते क्षेत्र वगळायचे याचा निर्णय त्यात होतो. या काळासाठी कलम २० चे बंधन लागू असते : वारसाहक्काखेरीज अधिसूचित जमिनीवर कोणताही नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही. चौकशी लवकर संपेल असे गृहीत धरले तर हे बंधन तात्पुरते ठरते. २००२च्या दुरुस्तीने या चौकशीसाठी शक्यतो दोन वर्षांची मुदत घातली. माळढोक अभयारण्याच्या बाबतीत हद्दीचा प्रश्न तीन दशकांहून अधिक काळ लोंबकळत राहिला.

त्याचा भार शेतकऱ्यांवर पडला. जमिनीची खरेदी-विक्री, अकृषिक परवानगी, विहीर, रस्ता, उद्योग अशा प्रत्येक बाबतीत अभयारण्याचा अडसर येऊ लागला आणि अभयारण्याविरुद्ध असंतोष वाढला. ज्याच्या रानात पक्षी आढळेल त्याला जमिनीवर आणखी निर्बंध येतील अशी भीती वाटू लागली, तर पक्ष्याच्या रक्षणाला आवश्यक असलेली स्थानिक सहानुभूती आटते. या काळात प्रदेशाचे रूपही बदलत होते. उजनी धरण व इतर सिंचनसोयींमुळे ऊस आणि फळबागा वाढल्या, कोरडवाहू ज्वारीचे क्षेत्र घटले, कूपनलिका व त्यांच्यासाठी वीजतारा आल्या. अभयारण्याच्या बंधनांनी जमिनीचा व्यवहार अडवला, पण पिकांची निवड त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. माळढोकाच्या दृष्टीने निर्णायक बदल मात्र पिकांतच झाला.

सीमांची पुनर्रचना

अभयारण्याची हद्द बदलणे हे राज्य शासनाच्या एकट्याच्या हाती नसते. अधिनियमाच्या कलम २६-अ नुसार त्यासाठी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २००० रोजी दिलेल्या आदेशान्वये अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांचे क्षेत्र न्यायालयाच्या परवानगीशिवाय कमी करता येत नाही. हे सर्व टप्पे ओलांडून २०१२ साली सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरची सुधारित हद्द अधिसूचित झाली. खासगी जमिनीचे मोठे क्षेत्र वगळण्यात आले आणि वनजमिनी व पक्ष्यांच्या वावराची महत्त्वाची क्षेत्रे राखण्यावर भर देण्यात आला.

२०२० साली केंद्र शासनाने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली अभयारण्याभोवतीचे सुमारे ५९१ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले. अशा क्षेत्रात शेती, पशुपालन व निवास यांना मनाई नसते. व्यापारी खाणकाम, दगडखाणी, प्रदूषणकारी उद्योग यांवर बंदी असते, तर हॉटेले, रस्त्यांचे रुंदीकरण, वीजतारा यांसारख्या बाबी नियंत्रित ठेवल्या जातात. राज्य शासनाने स्थानिकांशी विचारविनिमय करून या क्षेत्राची महायोजना तयार करावी, असेही बंधन असते.

कायदेशीर चौकट

या अभयारण्याच्या संदर्भात पुढील तरतुदी प्रामुख्याने लागू होतात :

• कलम ९ : पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीस मनाई. हे संरक्षण अभयारण्याच्या हद्दीपुरते मर्यादित नाही. भिंगारच्या माळावर दिसलेल्या काळविटालाही ते लागू पडते.
• कलम २९ : अभयारण्यातील वन्यजीवांचा अधिवास नष्ट करण्यास किंवा वळवण्यास मनाई. वन्यजीवांच्या हिताच्या व उत्तम व्यवस्थापनाच्या दृष्टीने आवश्यक असेल तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतात. नियंत्रित चराईला हे कलम आड येत नाही.
• कलम ३३ : अभयारण्याचे व्यवस्थापन मुख्य वन्यजीव रक्षकांकडे असते. २०२२च्या दुरुस्तीने ते मंजूर व्यवस्थापन आराखड्यानुसार करणे बंधनकारक केले.
• कलम ३६-अ व ३६-क : शासकीय जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र आणि खासगी वा सामुदायिक जमिनीवर मालकांच्या संमतीने सामुदायिक राखीव क्षेत्र निर्माण करण्याची सोय. ती २००२च्या दुरुस्तीने आली, म्हणजे १९७९ साली हा पर्यायच उपलब्ध नव्हता.
• पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचना, २००६ : अनुसूचित उद्योग व प्रकल्पांना पूर्वपरवानगी बंधनकारक. अभ्यासक्षेत्रात पहिल्या अनुसूचीतील प्रजाती आढळल्यास त्यांच्यासाठी स्वतंत्र संवर्धन आराखडा मागितला जातो.

नियोजन व अनुपालनाचे काम

भारतात ‘संकटग्रस्त प्रजाती अनुपालन नियोजक’ असे एकच पद नाही. हे काम वनखात्याचे वन्यजीव विभाग, नगररचना विभाग, जिल्हाधिकारी कार्यालय, भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या संशोधन संस्था आणि प्रकल्पांसाठी अहवाल तयार करणारे सल्लागार यांच्यात विभागलेले आहे. माळढोक अभयारण्याचे व्यवस्थापन वनखात्याच्या पुणे येथील वन्यजीव विभागाकडे आहे. कामाचे सर्वसाधारण टप्पे असे असतात :

१. पाहणी. प्रजाती कोठे, कोणत्या ऋतूत आणि कशासाठी येते याची नोंद घेतली जाते. माळढोकासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत एका भेटीत पक्षी न दिसणे म्हणजे तो नसणे असे नव्हे. उन्हाळ्यात केलेली पाहणी पावसाळ्यातील विणीच्या जागेबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून पाहणीचा ऋतू हा अहवालाच्या विश्वासार्हतेचा पहिला निकष ठरतो.

२. नकाशा. पक्ष्यांच्या नोंदी, गवताळ तुकडे, सातबारा उतारे, गटनंबर, रस्ते व वीजतारा हे सर्व एकाच नकाशावर आणले जाते. हद्दीचा वाद बहुधा गटनंबरांच्या यादीत उद्भवतो, त्यामुळे महसुली नोंदी व वनखात्याच्या नोंदी जुळवणे हे या कामातील सर्वांत वेळखाऊ अंग आहे.

३. छाननी. प्रस्तावित प्रकल्प अभयारण्यात, संवेदनशील क्षेत्रात की त्यांच्या बाहेर येतो यावर कोणती परवानगी लागेल हे ठरते. अभयारण्यातील प्रस्ताव राज्य वन्यजीव मंडळ व राष्ट्रीय मंडळाची स्थायी समिती यांच्यापुढे जातात. २०१८पासून असे अर्ज ‘परिवेश’ या केंद्रीय संकेतस्थळावरून स्वीकारले जातात.

४. उपाययोजनेचा क्रम. हानी शक्य तेथे टाळावी, टाळता येत नसेल तर कमी करावी आणि जी उरेल तिचीच भरपाई करावी, असा क्रम सर्वमान्य आहे. विणीचे माळ नष्ट झाल्यावर दुसरीकडे झाडे लावल्याने माळढोकाची भरपाई होत नाही. त्यामुळे या प्रजातीच्या बाबतीत पहिल्या पायरीला विशेष महत्त्व आहे.

५. अटींचे पालन. परवानगीसोबत घातलेल्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम परवानगी मिळाल्यानंतर सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालते. विणीच्या काळात काम बंद ठेवणे, तारांवर पक्षी-विचलक बसवणे, कुत्र्यांचे नियंत्रण, मृत पक्ष्यांचा शोध अशा अटी त्यात येतात. कागदोपत्री पूर्तता आणि माळावरील स्थिती यांतील अंतर मोजण्याचे साधन नियमित क्षेत्रभेटीखेरीज दुसरे नाही.

वीजवाहिन्या व अपारंपरिक ऊर्जा

सौर व पवन ऊर्जा प्रकल्पांना उघडी, सपाट, वाऱ्याची जमीन लागते आणि माळढोकालाही तशीच जमीन लागते. हे प्रकल्प २००६च्या अधिसूचनेखालील पर्यावरणीय मंजुरीतून सामान्यतः मुक्त आहेत. त्यामुळे अभयारण्याच्या हद्दीबाहेरील माळावर असा प्रकल्प येताना तेथील वन्यजीवांची पूर्वतपासणी होईलच असे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या पठारावर पवनचक्क्या पूर्वीपासून उभ्या आहेत.

या संघर्षाचा राष्ट्रीय पातळीवरील निवाडा डॉ. एम. के. रणजितसिंह व इतर यांनी दाखल केलेल्या याचिकेत झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी राजस्थान व गुजरातमधील माळढोक क्षेत्रांत वीजवाहिन्या भूमिगत करण्याचे व तारांवर पक्षी-विचलक बसवण्याचे निर्देश दिले. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने तो आदेश शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्कही त्याच निकालात मान्य झाला. कोळशाला पर्याय देणारी वीज आणि एका प्रजातीचे अस्तित्व या दोन्ही गोष्टी पर्यावरण रक्षणाच्याच असल्याने हा निवाडा अवघड ठरला.

माळरान व ‘पडीक’ हा शब्द

महसुली भाषेत गवताळ माळाची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी होते. ही परंपरा ब्रिटिशकालीन जमीन महसुलापासूनची असून स्वातंत्र्योत्तर काळातील पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशांतही अनेक माळराने याच वर्गात दाखवली गेली. एकदा पडीक ठरलेली जमीन उद्योग, वृक्षारोपण किंवा अन्य विकासकामांसाठी मोकळी मानली जाते. निलगिरी, गिरिपुष्प, सुबाभूळ यांची लागवड हिरवळीच्या हेतूने केली तरी ती माळढोकाचा अधिवास संपवते. याच माळांवर धनगर समाजाची मेंढपाळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. माफक चराईने गवत आखूड व मोकळे राहते, अतिचराईने माळ उजाड होतो आणि चराई पूर्ण बंद केल्यास गवत फार दाट होते. म्हणून मेंढपाळांना वगळून केलेले माळरानाचे व्यवस्थापन अपुरे ठरते.

रेहेकुरी अभयारण्याशी तुलना

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० साली, म्हणजे माळढोक अभयारण्यापाठोपाठ, स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ केवळ २.१७ चौरस किलोमीटर आहे. तेथे काळविटांची संख्या काही डझनांवरून काही शेकड्यांवर गेली आणि कळप आसपासच्या शेतांतही चरू लागले. लहान, स्पष्ट हद्दीची वनजमीन, कमी क्षेत्रात तग धरणारा व लवकर वाढणारा प्राणी यांमुळे हे यश शक्य झाले. वर्षाला फार तर एखादे पिल्लू वाढवणाऱ्या आणि दूरवर भटकणाऱ्या माळढोकाला हीच पद्धत लागू पडत नाही. दोन्ही अभयारण्ये एकाच परिसरात व एकाच कायद्याखाली असूनही त्यांचे परिणाम भिन्न झाले ते यामुळे.

सद्यस्थिती

नान्नज परिसरातील माळढोकांची संख्या २०००च्या दशकाअखेरपासून झपाट्याने घटली. अलीकडच्या वर्षांतील नोंदी एकट्यादुकट्या पक्ष्याच्या आहेत. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा परिसरातही मोजक्या नोंदी झाल्या आहेत. राजस्थानात जैसलमेरजवळ सम येथे २०१९ साली माळढोकांचे संवर्धन प्रजनन केंद्र सुरू झाले. तेथे २०२४ साली कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला आले. अशा केंद्रांतून वाढलेले पक्षी पुढे मूळ प्रदेशांत सोडायचे झाल्यास तेथे सुरक्षित माळ शिल्लक असणे ही पूर्वअट आहे. सोलापूर व अहिल्यानगरच्या माळांचे महत्त्व या दृष्टीने पक्षी जवळपास नाहीसा झाल्यावरही टिकून आहे. लांडगा, खोकड व काळवीट यांच्यासाठी तर ते आजही प्रत्यक्ष अधिवास आहेत.

मूल्यमापन

माळढोक अभयारण्याच्या इतिहासावरून संकटग्रस्त प्रजातींच्या नियोजनाविषयी काही निष्कर्ष निघतात. अधिसूचनेतील क्षेत्रफळ हे संरक्षणाचे माप नव्हे : ८,४९६ चौरस किलोमीटरच्या काळातच पक्षी घटत गेला. हक्कांची चौकशी रखडली तर बंधने शेतकऱ्याला जाचतात आणि प्रजातीला वाचवत नाहीत. शेतजमिनीवर अवलंबून असलेल्या प्रजातीचे रक्षण मनाईच्या कलमांनी अंशतःच होते. कोरडवाहू पिकांना आधार, विणीच्या जागा राखणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला आणि सामुदायिक राखीव क्षेत्रे हे मार्ग त्यासाठी सुचवले जातात. हद्द २०१२ साली व्यवहार्य झाली, परंतु तोवर जिच्यासाठी ती आखायची ती प्रजाती या प्रदेशातून जवळजवळ गेली होती.

हेही पाहा

• माळढोक
• रेहेकुरी काळवीट अभयारण्य
• वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
• भिंगार
• सीना नदी